नाणेसंग्रहातील देशांची निवड : एक चिकित्सक विचार
(गेवराई परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

नाणी आणि चलनी नोटा जमविणे हा छंद असला तरी त्याला अभ्यासाचे रूप येण्याची शक्यता इतर अनेक छंदांपेक्षा अधिक असते. राजसत्ता, धातुविद्या, लिपी, व्यापार आणि धर्म या पाचही गोष्टींचा ठसा नाण्याइतक्या लहान जागेत क्वचितच एकत्र सापडतो. म्हणूनच इतिहास, अर्थशास्त्र व भाषा या विषयांच्या महाविद्यालयीन विभागांतून लहानमोठे नाणेसंग्रह सुरू करण्याचे प्रयत्न होताना दिसतात. मात्र अशा संग्रहाच्या आरंभीच एक प्रश्न उभा राहतो. जगातील सर्व देशांची नाणी जमविणे कोणालाही शक्य नाही, तेव्हा कोणत्या देशांची जमवावीत आणि कोणत्या देशांची सोडून द्यावीत?

हा प्रश्न वरवर पाहता आवडीनिवडीचा वाटतो. प्रत्यक्षात तो पद्धतीचा प्रश्न आहे. निवडीचा निकष चुकला तर संग्रह वाढतो, परंतु त्यातून ज्ञान वाढत नाही. कपाट भरते आणि विद्यार्थ्याला त्यातून सांगण्यासारखे काही उरत नाही. प्रस्तुत लेखात देशांच्या निवडीसाठी प्रचलित असलेल्या निकषांची चिकित्सा केली असून बीड जिल्ह्यातील गेवराई परिसराच्या आधारे एक पर्यायी निकष मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रचलित निकष आणि त्यांच्या मर्यादा

नाणेसंग्राहकांमध्ये देशांच्या निवडीबाबत सामान्यतः तीन प्रवृत्ती आढळतात.

पहिली प्रवृत्ती संख्याप्रधान आहे. संयुक्त राष्ट्रसंघाचे १९३ सदस्य देश आहेत. यांपैकी प्रत्येकाचे निदान एक नाणे आपल्याकडे असावे, असे उद्दिष्ट नवा संग्राहक ठेवतो. बाजारात शंभर देशांच्या नाण्यांची तयार पाकिटेही मिळतात. शालेय वयात भूगोलाची व निरनिराळ्या लिपींची ओळख होण्यासाठी ही पद्धत उपयुक्त आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु एका देशाचे एकच नाणे त्या देशाविषयी फारसे काही सांगू शकत नाही. नाणे बोलते ते दुसऱ्या नाण्याच्या शेजारी ठेवल्यावर. आधीच्या राजाचे, नंतरच्या राजाचे, कमी कसाचे, शेजारच्या राज्याचे अशी तुलना जेथे नाही, तेथे संग्रह म्हणजे केवळ यादी ठरते.

दुसरी प्रवृत्ती आकर्षणप्रधान आहे. रंगीत, विचित्र आकाराची किंवा विलक्षण मूल्याची चलने जमविण्याकडे तिचा ओढा असतो. झिम्बाब्वेची शंभर ट्रिलियन डॉलर्सची, म्हणजे एकावर चौदा शून्ये असलेली, २००८ च्या मालिकेतील नोट अनेक संग्रहांत अभिमानाने दाखविली जाते. तिच्यामागील चलनवाढीची शोकांतिका समजावून घेतली तर ती अर्थशास्त्राच्या वर्गात अमूल्य आहे. समजावून न घेता ठेवली तर ती गंमत होऊन राहते. याच प्रवृत्तीचे दुसरे टोक म्हणजे केवळ संग्राहकांसाठी काढलेली नाणी. प्रशांत महासागरातील नियू या बेटाची लोकसंख्या दोन हजारांहूनही कमी आहे आणि तेथील दैनंदिन व्यवहार न्यूझीलंडच्या डॉलरमध्ये होतो. तरीही त्याच्या नावाने चित्रपटांतील व व्यंगचित्रांतील पात्रांची नाणी सातत्याने निघत असतात. ज्या नाण्याने कधी मीठमिरची विकत घेतली गेली नाही, त्याला नाणे म्हणावे की पदक, असा प्रश्न येथे उपस्थित होतो.

तिसरी प्रवृत्ती मूल्यप्रधान आहे. कोणत्या देशाचे नाणे पुढे महाग होईल, या अंदाजावर ती उभी असते. हा विचार व्यापाऱ्याच्या दृष्टीने योग्य असला तरी शैक्षणिक संग्रहाचा पाया होऊ शकत नाही. शिवाय या प्रवृत्तीचा गैरफायदा घेणारेही असतात. जुन्या नोटा व नाणी विकत घेण्याच्या नावाखाली आपले नाव वापरून शुल्क उकळले जात असल्याबद्दल भारतीय रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जनतेला जाहीर सावधगिरीचा इशारा दिला होता, ही बाब बोलकी आहे.

‘देश’ या एककाची चिकित्सा

वरील तीनही प्रवृत्तींत एक गृहीतक समान आहे. ते म्हणजे आजच्या नकाशावरील ‘देश’ हेच निवडीचे स्वाभाविक एकक होय. हे गृहीतक दृढ होण्यास नाण्यांच्या सूचिग्रंथांची रचना बरीचशी कारणीभूत आहे. चेस्टर क्राउझे आणि क्लिफर्ड मिश्लर यांचा ‘स्टँडर्ड कॅटलॉग ऑफ वर्ल्ड कॉइन्स’ हा प्रसिद्ध सूचिग्रंथ १९७२ पासून जगभरच्या संग्राहकांच्या हाती आहे. त्याची मांडणी देशांच्या वर्णानुक्रमाने आहे. हातातील अनोळखी नाणे ओळखण्यासाठी अशी मांडणी सोयीची असते आणि त्या कामी या ग्रंथाची उपयुक्तता वादातीत आहे. परंतु ओळख पटविण्याचे साधन हळूहळू निवडीचा निकष होऊन बसते, हा त्यातील धोका होय. ग्रंथातील प्रकरण म्हणजे देश, देश म्हणजे रिकामी चौकट आणि चौकट भरणे म्हणजे संग्रह, असे समीकरण तयार होते.

इतिहासातील नाण्यांनी मात्र ही चौकट कधी पाळली नाही. गोदावरीच्याच काठी नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेला नाणेसंचय याचे उत्तम उदाहरण आहे. त्यात क्षहरात क्षत्रप नहपानाची सुमारे १३,२५० चांदीची नाणी होती आणि त्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. एकाच नाण्यावर पराभूताचे मुख आणि विजेत्याचे चिन्ह. हे नाणे कोणत्या ‘देशा’च्या चौकटीत ठेवावे? क्षत्रपांच्या की सातवाहनांच्या? कोणत्याही एका चौकटीत ठेवले तरी त्याचा अर्धा अर्थ नाहीसा होतो.

अलीकडच्या काळातही हेच दिसते. फाळणीनंतर ३० जून १९४८ पर्यंत भारतीय रिझर्व्ह बँक पाकिस्तानचीही मध्यवर्ती बँक म्हणून काम पाहत होती आणि पाकिस्तानसाठी भारतीय नोटांवरच इंग्रजी व उर्दूत पाकिस्तान सरकारचे नाव छापले गेले होते. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखाती प्रदेशांत चालण्यासाठी वेगळ्या रंगाच्या रुपयाच्या नोटा काढल्या, तसेच हज यात्रेकरूंसाठी १० व १०० रुपयांच्या खास नोटा काढल्या. या नोटा भारताच्या म्हणाव्यात, तर त्या भारतातील व्यवहारासाठी नव्हत्या. परदेशी म्हणाव्यात, तर त्या काढणारी बँक भारताची होती. तात्पर्य, नाणे कोणी पाडले हा प्रश्न महत्त्वाचा असला तरी पुरेसा नाही. ते कोठे चालले आणि कोणाच्या हातातून गेले, हा त्याहून अधिक फलदायी प्रश्न आहे.

गेवराईचे उदाहरण : हाली आणि कलदार

हा दुसरा प्रश्न गेवराईच्या भूमीत उभे राहून विचारला तर त्याचे उत्तर विशेष स्पष्टपणे मिळते. गेवराई तालुक्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. पश्चिमेला अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील शेवगाव तालुका लागतो. आज ही केवळ दोन जिल्ह्यांची सीमा आहे. १९४८ पर्यंत मात्र ती दोन चलनांची सीमा होती. बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, तर अहमदनगर जिल्हा ब्रिटिशांच्या मुंबई प्रांतात होता. अलीकडे ‘हाली सिक्का’ चालत असे, पलीकडे ब्रिटिश हिंदुस्थानचा ‘कलदार’ रुपया. हाली म्हणजे सध्या चालू असलेला आणि कलदार म्हणजे यंत्रावर पाडलेला. मराठवाड्यातील जुन्या पिढीच्या बोलण्यात रकमेबरोबर ‘हाली की कलदार’ हा खुलासा येत असे, तो यामुळेच.

या दोन रुपयांतील प्रचलित दर सात हाली बरोबर सहा कलदार असा होता. म्हणजे शंभर कलदार रुपयांसाठी ११६ रुपये १० आणे ८ पै हाली मोजावे लागत. हा दर केवळ राजकीय दबावातून आला नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभीचा चारमिनार छापाचा हाली रुपया ११.१७८ ग्रॅम वजनाचा आणि ०.८१८ कसाचा होता. त्या वेळचा ब्रिटिश रुपया ११.६६ ग्रॅम वजनाचा आणि ०.९१७ कसाचा होता. शुद्ध चांदी काढली तर पहिल्यात सुमारे ९.१४ ग्रॅम आणि दुसऱ्यात सुमारे १०.६९ ग्रॅम भरते. यांचे गुणोत्तर ०.८५५ येते आणि सहास सात हे गुणोत्तर ०.८५७ आहे. सीमेवरच्या सावकाराने लावलेला वटाव आणि प्रयोगशाळेतील कस हे दोन्ही एकाच ठिकाणी येऊन मिळतात, हे वर्गात दाखवून देण्यासाठी दोनच नाणी पुरेशी आहेत. शंभर देशांच्या शंभर नाण्यांतून हा धडा मिळणार नाही.

हाली रुपयाचे वाचन हाही स्वतंत्र अभ्यास आहे. त्यावरील वर्ष हिजरी असते, त्यामुळे इसवी सनाशी मेळ घालणे शिकावे लागते. चारमिनारच्या मधल्या कमानीत एक अक्षर आढळते. मीर महबूब अली खान (कारकीर्द १८६९ ते १९११) यांच्या नाण्यांवर ‘मीम’ आणि मीर उस्मान अली खान (१९११ ते १९४८) यांच्या नाण्यांवर ‘ऐन’. उर्दू न येणाऱ्या विद्यार्थ्यालाही या एका अक्षरावरून कारकीर्द ओळखता येते.

हैदराबादच्या नोटांचे महत्त्व याहून वेगळे आहे. स्वतःची कागदी नोट चलनात ठेवणारे हे संस्थान हिंदुस्थानातील संस्थानांमध्ये अपवादात्मक होते. १९१८ च्या कायद्यान्वये प्रथम १० व १०० रुपयांच्या, १९१९ मध्ये १ व ५ रुपयांच्या आणि १९२६ मध्ये १००० रुपयांच्या नोटा निघाल्या. नाशिकचे मुद्रणालय उभे राहिल्यानंतर हैदराबादच्या नोटा तेथेच छापल्या जाऊ लागल्या. या नोटांवर उर्दू व इंग्रजीबरोबर तेलुगू, कन्नड आणि मराठी या भाषांतही मूल्य छापलेले असे. याच १९१८ साली उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. ज्या राज्याला विद्यापीठाच्या वर्गात मराठीची गरज वाटली नाही, त्याला नोटेवर ती वाटली. कारण शेतसारा भरणारा आणि बाजारात मोड मागणारा रयतेतील मनुष्य मराठी वाचणारा होता. सत्ता आणि प्रजा यांच्यातील व्यवहाराची भाषा कोठे सैल होते आणि कोठे आवळली जाते, याचा इतका नेमका पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळेल.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आल्यानंतरही हाली चलन लगेच संपले नाही. काही काळ ते भारतीय रुपयाच्या जोडीने चालले आणि १९५० च्या दशकात टप्प्याटप्प्याने नाहीसे झाले. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धत आली आणि आणा-पैचा हिशेबही मागे पडला. म्हणजे गेवराईत १९३० च्या सुमारास जन्मलेल्या माणसाने गावाबाहेर कायमचे न जाताही हाली, कलदार, स्वतंत्र भारताचा रुपया आणि नवे पैसे अशी चार चलने हाताळली. ही पिढी आता जवळजवळ उरलेली नाही. तिच्या घरातील हाली रुपये सराफाच्या मुशीत वितळत गेले आहेत. निवडीचा प्रश्न तातडीचा होतो तो येथे. दूरच्या देशाचे नाणे दहा वर्षांनीही मिळेल. घरातील हाली रुपया आणि त्याविषयीची आठवण मात्र पुन्हा मिळणार नाही.

याच तालुक्यातील गोदाकाठचे राक्षसभुवन इतिहासाला परिचित आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजी येथे मराठे व निजाम यांच्यात लढाई होऊन माधवराव पेशव्यांच्या सैन्याने विजय मिळविला आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. या प्रदेशाच्या आसपास एकाच काळात मराठ्यांची शिवराई आणि मोगली धर्तीचे रुपये वावरत होते. औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) मोगल टांकसाळीचे नाव नाण्यांवर ‘खुजिस्ता बुनियाद’ असे येते. त्याही मागे गेले तर देवगिरीच्या यादवांचे सोन्याचे पद्मटंक आणि पैठणच्या सातवाहनांची नाणी लागतात. एवढा ऐवज एका दिवसाच्या प्रवासाच्या परिघातील आहे.

भाषेतील साक्ष आणि समुद्रापलीकडील देश

येथे एक शंका येणे स्वाभाविक आहे. संग्रह स्वतःच्या परिसराशी बांधला तर जगाकडे पाठ फिरणार नाही काय? मराठी भाषेतील पैशाविषयीचे शब्द तपासले तर या शंकेचे बरेचसे निरसन होते.

‘कवडीमोल’, ‘फुटकी कवडी’ हे शब्दप्रयोग आजही रूढ आहेत. चलन म्हणून वापरल्या गेलेल्या कवड्यांचा मोठा पुरवठा शतकानुशतके मालदीव बेटांतून होत असे. तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यातील कवड्यांची माळ मराठवाड्याला नवी नाही. ज्या वस्तूने एके काळी बाजारातील किरकोळ देणे फेडले जाई, तीच येथे देवीची खूण होऊन राहिली आहे. ‘दाम’, ‘छदाम’, ‘दमडी’ या शब्दांच्या मुळाशी ‘द्रम्म’ आहे आणि द्रम्माच्या मुळाशी ग्रीकांचे द्राख्मा हे नाणे आहे. संस्कृतातील ‘दीनार’ रोमनांच्या डेनारियसवरून आला. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठण व तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर, येथून भडोच बंदराकडे माल जात असल्याचा उल्लेख आहे आणि त्याच बंदरात रोमन नाणी बदलून घेणे लाभदायक असल्याचेही म्हटले आहे. म्हणजे रोम हा गेवराई परिसराच्या संग्रहासाठी परका देश नाही. तो गोदाखोऱ्यातील मालाचा गिऱ्हाईक होता.

तिसरे उदाहरण दागिन्यातील आहे. मराठी घरातील ‘पुतळ्यांची माळ’ सर्वांना ठाऊक आहे. व्हेनिसच्या डुकाट या सोन्याच्या नाण्यावर मानवी आकृत्या असल्याने ते हिंदुस्थानात ‘पुतळी’ या नावाने ओळखले जाई. हे नाणे प्रथम १२८४ मध्ये पाडले गेले आणि १७९७ मध्ये व्हेनिसचे प्रजासत्ताक संपेपर्यंत त्याचा छाप जवळजवळ तसाच राहिला. पाचशे वर्षे कस न बदललेल्या या नाण्यावर इथल्या सराफाने विश्वास ठेवला, त्याची अनुकृती केली आणि अखेर ते गळ्यातील अलंकार झाले. संख्याप्रधान पद्धतीने चालणाऱ्याच्या यादीत व्हेनिस येणारच नाही, कारण त्या नावाचा देश आज नाही. इटलीचे एक युरो नाणे ठेवून त्याची चौकट भरली जाईल. परंतु मराठी स्त्रीधनाच्या इतिहासात इटलीच्या युरोला स्थान नाही, व्हेनिसच्या डुकाटला आहे.

याच तर्काने ‘रुपया’ या शब्दाचा प्रवासही निवडीचा आधार होऊ शकतो. नेपाळ, श्रीलंका, पाकिस्तान, मॉरिशस व सेशेल्स या देशांचे चलन रुपया आहे. इंडोनेशियाचा रुपिया व मालदीवचा रुफिया त्याच कुळातील आहेत. यांपैकी मॉरिशसचे महत्त्व मराठी अभ्यासकाला अधिक वाटावे, कारण तेथे मराठी समाज एकोणिसाव्या शतकापासून स्थायिक आहे. १९९८ मध्ये मॉरिशसच्या नव्या नोटांवर भाषांचा क्रम बदलून तमिळ मजकूर हिंदीच्या खाली गेल्याने तेथील तमिळ समाजाने तीव्र आक्षेप घेतला. त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या आणि जुन्या क्रमाने नव्या नोटा काढल्या गेल्या. हैदराबादच्या नोटेवरील मराठी आणि मॉरिशसच्या नोटेवरील तमिळ या दोन नोटा शेजारी ठेवल्या, तर नोटेवरील भाषा हा शोभेचा प्रश्न नसून मानाचा प्रश्न आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

काही आक्षेपांचा विचार

परिसरसंबद्ध निवडीवर दोन आक्षेप घेतले जाऊ शकतात. पहिला आक्षेप भावनिक स्वरूपाचा आहे. ज्या राज्यातून मुक्त होण्यासाठी मराठवाड्याने लढा दिला आणि ज्या मुक्तीचा दिन १७ सप्टेंबर रोजी साजरा होतो, त्या राज्याची नाणी जपून ठेवणे हे त्या राज्याचे गौरवीकरण नव्हे काय? हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. तथापि संग्रहातील नाणे पुरावा असते, प्रशस्तिपत्र नसते. गौतमीपुत्राने नहपानाची नाणी मोडून टाकली नाहीत. त्यांवर आपला ठसा मारला आणि त्यामुळेच आज दोघांचाही इतिहास हाती आहे. मुक्तिसंग्राम का झाला हे समजण्यासाठी रयतेने सारा कोणत्या नाण्यात भरला, तेही पाहावे लागते.

दुसरा आक्षेप पद्धतीचा आहे. कोणत्या नाण्याचा परिसराशी संबंध आहे हे ठरविणार कोण? थोडा प्रयत्न केला तर कोणत्याही देशाचा कोणत्याही गावाशी संबंध जोडता येईल. या आक्षेपात तथ्य आहे. म्हणून संबंध सिद्ध करण्याचा भार संग्राहकावर असला पाहिजे. प्रदेशातील उत्खननात किंवा संचयात आढळ, कागदपत्रांतील उल्लेख, भाषेतील शब्द, घरातील वस्तू किंवा स्थलांतराचा नोंदवलेला इतिहास यांपैकी निदान एक आधार दाखविता आला पाहिजे. आधार नसेल तर नाणे सुंदर असूनही बाजूला ठेवावे. निकषाची खरी परीक्षा तो काय घ्यायला सांगतो यावरून होत नाही, काय सोडायला सांगतो यावरून होते.

कायदा व नोंद यांची शिस्त

निवडीच्या विचारात कायद्याची माहिती अपरिहार्य आहे. नांगरताना किंवा पाया खणताना सापडलेले, दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. अशा संचयातील नाणी परस्पर विकत घेऊन संग्रह वाढविणे बेकायदेशीर तर आहेच, शिवाय त्यामुळे संचय फुटून त्याचा ऐतिहासिक अर्थ नष्ट होतो. १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावशेष ठरते, त्याची निर्यात करता येत नाही आणि त्याच्या व्यापारासाठी परवाना लागतो. मीर उस्मान अली खान यांच्या आरंभीच्या वर्षांतील रुपया आता या व्याख्येत बसतो. परकीय चलनाबाबत २०१५ च्या विनियमांनी परदेशी नाणी बाळगण्यावर मर्यादा ठेवलेली नाही. नोटांबाबत मात्र एकूण दोन हजार अमेरिकी डॉलर्सइतकी मर्यादा आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये रद्द झालेल्या पाचशे व हजाराच्या नोटा २०१७ च्या कायद्याने सामान्य व्यक्तीला दहापेक्षा अधिक ठेवता येत नाहीत. अध्ययन, संशोधन किंवा नाणकशास्त्र यांसाठी ही मर्यादा पंचवीस आहे. कायद्याने नाणकशास्त्राला दिलेली ही पंधरा नोटांची सवलत लहान असली तरी संग्रह हे अध्ययनाचे साधन आहे, याची ती मान्यता होय.

कायद्याइतकीच आवश्यक आहे ती नोंद. नाणे कोणत्या गावातून, कोणत्या प्रकारच्या घरातून, केव्हा मिळाले आणि त्याविषयी काय सांगितले गेले, हे त्याच दिवशी लिहून ठेवले पाहिजे. सूचिग्रंथ नाण्याचे वजन व वर्ष सांगेल. ते आजीच्या बटव्यात का राहिले, हे तो सांगणार नाही. तसेच जुने नाणे चिंच किंवा राखेने घासून चकचकीत करण्याचा मोह टाळावा. त्या घासण्याबरोबर अक्षरेही झिजतात.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. आजच्या नकाशावरील देश हे नाणे ओळखण्यासाठी सोयीचे एकक असले तरी संग्रहाच्या निवडीसाठी अपुरे आहे.

२. ‘हे नाणे कोणी पाडले’ यापेक्षा ‘हे नाणे येथे कोणाच्या हातातून गेले’ हा प्रश्न शैक्षणिक संग्रहाला अधिक उपयुक्त दिशा देतो.

३. या प्रश्नाने आरंभ केल्यास संग्रह संकुचित होत नाही. गेवराईपासून निघालेली वाट हैदराबाद, रोम, व्हेनिस, मालदीव, आखात आणि मॉरिशस येथवर पोहोचते. मात्र प्रत्येक टप्प्याला कारण असते.

४. ग्रामीण महाविद्यालयाजवळ पैसा व जागा मर्यादित असतात. अशा वेळी हाली व कलदार यांची एक जोडी, आणे-पैचा एक संच, दशमान पद्धतीच्या आरंभीचे नवे पैसे आणि परिसरातून गोळा केलेल्या नोंदी एवढ्यावरही अर्थपूर्ण आरंभ होऊ शकतो.

५. हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही, कारण चांदी वितळते आणि माणसेही जातात.

या चर्चेला पूरक ठरणारे एक नाणे तर प्रत्येकाच्या खिशात असते. चालू भारतीय नाण्यावरील सालाखाली तारकेची खूण असेल तर ते हैदराबादच्या टांकसाळीत पाडलेले असते. निजामाचा हाली रुपया ज्या टांकसाळीत पडत होता, ती पुढे भारत सरकारकडे आली आणि आज हैदराबादनजीक चेर्लापल्ली येथे चालते. गेवराईच्या आठवडी बाजारात मोड म्हणून परत आलेल्या नाण्यावर ती तारका दिसली, तर संग्रहाचा आरंभ कोठून करावा हे शोधण्यासाठी परदेशी पाकीट उघडण्याची गरज पडणार नाही.